कटिंगचं टेबल

सादिकमास्तरांनी मोठी कात्री विमलबाईंच्या हातात दिली आणि ते टेबलापासून बाजूला झाले.

"मी? मला नाय जमनार, मास्तर."

"बटनं लावताना तुमची नजर कुठं असते, मी बघतो ना. कापा."

चौऱ्याण्णव सालचा मे महिना होता. तुर्भ्याच्या त्या शेडमध्ये वाशीतल्या एका शाळेचे गणवेश शिवले जात होते. शेती गेल्यापासून विमलबाई इथंच शर्टांना बटनं लावत. कटिंगच्या टेबलाला आजवर मास्तरांखेरीज कोणी हात लावला नव्हता.

चौकडीच्या कापडाची थप्पी विमलबाईंनी जीव मुठीत धरून कापली. पहिला तुकडा उचलला तेव्हाच कळलं. चौकड्या तिरक्या गेल्या होत्या, तळापर्यंत.

नेमके तेव्हाच मालक हरेशशेठ आत आले. "कोणी कापलं हे?"

विमलबाईंनी कात्री टेबलावर ठेवली.

"शिकताना झालं, शेठ," मास्तर म्हणाले. "मीच बसवलं त्यांना."

"शाळा उघडायला आली आणि तुम्ही शिकवण्या घेताय? बाईंना बटनांवर बसवा परत."

"मग मलापण तिथंच बसवा."

मशिनं थांबली. हरेशशेठनी मास्तरांकडे पाहिलं, तिरक्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि ते निघून गेले.

विमलबाईंना वाटलं, आता मास्तर चिडतील. पण मास्तरांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "यातून लहान मुलांचे खिसे निघतील," म्हणाले, आणि नवं कापड अंथरलं.

या खेपेला विमलबाईंनी आधी चौकडी जुळवली, पुन्हा पाहिली, मग कात्री चालवली. दुपारी मशिनवरच्या बायका त्यांचे तुकडे उचलून घेऊन गेल्या आणि शिवायला बसल्या. कोणी काही विचारलं नाही. नेहमीसारखं काम चालू राहिलं. विमलबाईंचा ऊर भरून आला.

संध्याकाळी शेड रिकामी होऊ लागली, तेव्हा त्या मास्तरांपाशी गेल्या.

"तुमचे लय उपकार झाले, मास्तर. माज्यावर इतका इश्वास कोनी टाकला नवता."

मास्तर गळ्यातली टेप काढून घडी घालत राहिले.

"उपकार तुमचे आहेत, विमलबाई. माझी आई म्हसळ्याला अंथरुणाला खिळलीय. सुट्टी मागितली की शेठ विचारतात, टेबल कोण बघणार? इतके दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आता सांगता येईल. हा लॉट संपला की शेठशी बोलतो, मग जातो."

विमलबाईंनी पदर खोचला आणि उद्याचं कापड टेबलावर ओढून घेतलं.

"लॉटचा काय घेऊन बसलात? आताच निगा. पनवेलला गेलात तं गाडी गावंल."

"आणि शेठ?"

"हरेशशेटना मी सांगते."