मे महिन्यातली खरपुडी

"समुद्री कासव?" प्रसेनजितनं टॅबवरची नजर न उचलता विचारलं.

पुंजाजीनं चारी बाजूंनी मान फिरवून पाहिलं. देऊळघाटच्या अलीकडची ई-क्लासची सरकारी जमीन, मे महिना, दुपारचे साडेबारा. जवळात जवळचा समुद्र मुंबईचा.

"नाई साहेब," तो गंभीरपणे म्हणाला. "आज तरी नाई दिसलं."

प्रसेनजितनं 'आढळले नाही'वर बोट दाबलं. फॉर्म मुळात कोकणासाठी बनवलेला होता, आणि एक जरी रकाना मोकळा राहिला तरी पुढचं पान उघडत नव्हतं.

सव्वाशे एकरांचा हा माळ गिट्टीच्या खदानीसाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा होता. त्याआधी तिथं धोक्यात आलेले प्राणी, झाडंझुडपं आहेत का हे तपासावं असा नियम आहे. कोणत्या ऋतूत तपासावं, हे मात्र नियमात नाही. म्हणून शहरातल्या एका संस्थेनं हा पोरगा एका जीपमध्ये बसवून तीन तासांसाठी पाठवला होता.

पुंजाजी या माळावर सव्वीस वर्षं रोजंदारी वनमजूर. आजवर त्याला 'ए, पाणी आण' एवढंच पद होतं. आज सकाळी वनरक्षक जयमाला मॅडमनी त्याला 'स्थानिक जाणकार' केलं. हे पद दुपारपर्यंतचं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"लांडगा?"

"हाये!" पुंजाजी लगबगीनं ओघळीकडे गेला. "हे पाहा पाय, कालचेच हायेत. हे बीळ. मादीनं चार पिल्लं देल्ली अवंदा."

"पाय कुत्र्याचेही असू शकतात. प्रत्यक्ष प्राण्याचा फोटो लागतो, काका."

"साहेब, तुमी जीप घेऊन, हॉर्न वाजवत, भर दुपारी आले. थो काय आधार कार्ड घेऊन येईन का बाहीर?"

जयमाला मॅडम खाली बघून हसल्या, मग लगेच हसणं आवरलं. लांडगा आढळला नाही.

यादीत पुढचं नाव खरपुडीचं होतं. पुंजाजीचा चेहरा उजळला. खरपुडी त्याला त्याच्या मायनं दाखवली होती. पावसाळ्यात गवतात वीतभर वेल, तिला कंदिलासारखं हिरवट फूल. साऱ्या तालुक्यात आता ती फक्त या उतारावर उरली होती. दर श्रावणात तो तिची रोपं मोजायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोजायचा.

"इथं हाये. इथं, अन् त्या दगडाच्या मांगं. तुमच्या बुटाखाली बी एक हाये."

प्रसेनजितनं बूट उचलून पाहिलं. खाली भेगाळलेली माती होती.

"काही दिसत नाही, काका."

"कशी दिसन? उन्हाळाभर जमिनीत झोपून राह्यते थे. पावसात या ना."

"पावसाळ्यात साइट बंद असते. आणि अहवाल एकतीस तारखेच्या आत हवाय. फोटो नाही तर नोंद नाही."

पुंजाजी उकिडवा बसला आणि विळ्याच्या टोकानं खणू लागला. माती विटेसारखी झाली होती. वीस मिनिटं तो खणत होता; घाम नाकावरून खड्ड्यात पडत होता. शेवटी बोरापेक्षा थोडा मोठा, चपटा कंद त्याच्या तळहातावर आला. सव्वीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच खरपुडी उपटली होती.

"घ्या. काढा फोटो."

प्रसेनजितनं कंद पाहिला, मग टॅब पाहिला. "काका, फॉर्ममध्ये 'नैसर्गिक अधिवासात' असं आहे. ही आता अधिवासात नाही, तुमच्या हातात आहे."

"मले तुमीच उपटाले लावली न बे!" साहेबाला 'बे' म्हटलं गेलं, आणि पुंजाजीला त्याचं काही वाटलं नाही.

"शिवाय संरक्षित वनस्पती उपटणं गुन्हा आहे," प्रसेनजित हळूच म्हणाला. "म्हणजे, असती तर."

मग त्यानं सहीसाठी टॅब पुढे केला. वर लिहिलं होतं, यादीतली एकही प्रजाती या जागेवर नाही, मी स्वतः खात्री केली आहे.

"मी नाई करत."

"काका, करून टाका," जयमाला मॅडम म्हणाल्या. "वरून आलंय. तुमच्यानं काई थांबत नाई."

"थांबत नाई त माही सही काऊन पाह्यजे? मॅडम, मी लिहून देऊ नाई हाये म्हून, अन् दोन महिन्यानं थे माह्याच पायापाशी उगवन. कोणत्या तोंडानं पाहू तिच्याकडं?"

यावर फॉर्ममध्ये रकाना नव्हता. जीपचा ड्रायव्हर हरिओम जालन्याचा. तो सावलीत झोपला होता. त्याला उठवलं, स्थानिक जाणकार केलं. त्यानं बोटानं सही ठोकली आणि जांभई देत विचारलं, "कोनतं गाव म्हनायचं हे?"

जीप निघाली. मॅडमनी खिडकीतून हाक मारली, "पुंजाजी, या न, सोडतो घरी."

"तुमी व्हा पुढं."

धूळ खाली बसल्यावर त्यानं खड्ड्यातली माती बोटांनी मऊ केली, कंदाचा कोंब वर ठेवून तो होता तेवढाच खोल बसवला, माती लोटली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं. ऊन मी म्हणत होतं. माती पाणी पिईपर्यंत तो डोक्यावरची टोपी काढून त्या ओल्या डागावर धरून बसला.