आबांच्या सीटखालचा हिरवा दिवा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका निळ्या व्हॅनच्या मधल्या सीटखाली आहात. खाली रबरी चटई आहे, समोर बसणाऱ्यांच्या टाचा आहेत. कोणाच्या तरी पिशवीतून सुटलेला शेंगदाणा प्रत्येक वळणावर इकडून तिकडे घरंगळतो आहे. कोपऱ्यात पत्र्याची एक चपटी पेटी आहे. तिच्या पाठीवर पन्हळी आहेत आणि कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा आहे. दिसला? तो दिवा माझा. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. लाडाने मला सगळे अ‍ॅम्प म्हणतात.

माझे काम तसे सोपे आहे. गाण्याचा अशक्तसा आवाज तारेतून माझ्याकडे येतो. मी त्याला बॅटरीकडचे बळ देतो आणि शेजारच्या वूफरकडे पाठवतो. वूफर म्हणजे जाड, खोल आवाज काढणारा स्पीकर. बासरीशी त्याचे काही देणेघेणे नाही. पण ढोलकीच्या डाव्या अंगाचा 'धूम' आला की तो छाती फुगवून म्हणतो, हा माझा.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला आठवत नाही. आठवते ती लांबच लांब टेबलांची एक खोली आणि तिथे बसलेली एक ताई. तिने माझ्या पोटात चिमुकले भाग बसवले, त्यांना कथलाचे डाग दिले, शेवटी झाकण लावून वीज जोडली. माझा दिवा हिरवा झाला आणि ती गालात हसली. माझ्या वाट्याला आलेले पहिले कौतुक ते.

माझा पहिला मालक करमाडचा विश्वजीत. त्याच्याकडे एक उघडी जीप होती. मुलगा मनाने वाईट नव्हता, फक्त कुठे थांबायचे ते त्याला ठाऊक नव्हते. त्याने माझी सगळी बटणे शेवटपर्यंत पिळली आणि वरून शोभेसाठी मला गालिच्यात गुंडाळले. आता तुम्हीच सांगा, पळणाऱ्या माणसाला गोधडी पांघरली तर त्याचे काय होईल? मी तापायचो, माझा दिवा लाल व्हायचा आणि मी बंद पडायचो. विश्वजीत मला चापट मारायचा. मी पुन्हा सुरू व्हायचो. त्याला वाटे, चापटीनेच अ‍ॅम्प चालतो. खरे तर तेवढ्या वेळात मला जरा श्वास मिळालेला असे.

पुढे जीप विकली गेली. नव्या मालकाला गाणी आवडत नव्हती. मी जाफर गेटजवळ सिकंदरभाईंच्या दुकानात, जुन्या भोंग्यांच्या आणि तुटक्या आरशांच्या मधोमध फळीवर जाऊन बसलो. तिथे किती काळ गेला ते सांगता येत नाही. धूळ मोजायची रीत मला येत नाही.

एके दिवशी दुकानात दोन माणसे आली. एक होता अतुल. चितेगावच्या कारखान्यांतल्या कामगारांना तो आपल्या व्हॅनने ने-आण करत असे. दुसरी त्याची मुलगी मेघा, सहावीतली, बोलायला लागली की समोरच्याने बसून घ्यावे अशी. बापलेकीच्या बोलण्यातून मला जे कळले ते तुम्हाला सांगतो, कारण माझी खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मेघाचे आजोबा कचरूआबा म्हणजे ढोलकीचे वेड. गल्लीच्या गायन मंडळात भीमगीतांना त्यांचीच साथ असे. पण तरुणपणापासून कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर काम केल्यामुळे त्यांचे कान हळूहळू गेले. कानात यंत्र बसवले, तर त्यात रस्त्याचा गलकाच जास्त भरायचा. गेल्या भीमजयंतीला गाणे पुढे गेले आणि आबांची ढोलकी मागे राहिली. कोणी हसले नाही, पण आबांना ते न हसणेच लागले. घरी येऊन त्यांनी ढोलकी फडक्यात बांधली आणि कपाटावर ठेवून दिली. आता पुन्हा जयंती जवळ आली होती, आणि ढोलकी कपाटावरच होती.

मग मेघाने एक गोष्ट पाहिली. घरासमोरून लग्नाची वरात चालली होती. आबा लोखंडी फाटकाला हात लावून उभे होते, आणि त्यांची बोटे फाटकावर ठेका धरत होती. कानांना जे कळत नव्हते ते फाटकातून हाताला कळत होते. त्या दिवसापासून मेघाने बापाच्या मागे धोशा लावला, की व्हॅनमध्ये आबांच्या सीटखाली वूफर बसवा. अतुलने विचारले, आपल्याला काय डीजे लावायचाय का? तिने सांगितले, डीजे नाही, फाटक पाहिजे. अतुलने कुठूनसा एक लहान वूफर मिळवला, आणि आता दोघे त्याला जोडीदार शोधायला आले होते.

माझ्या शेजारी एक चकचकीत अ‍ॅम्प होता. त्याच्या छातीवर पाच बोटांनी मोजावा लागेल एवढा लांब आकडा छापलेला होता. अतुलची नजर त्याच्यावरच खिळली. सिकंदरभाई हसले.

"अतुलभाऊ, वो आकडा देखने का है, सुनने का नै. तुम्हारा वूफर इत्तासा. उसकू ये नक्को."

मग त्यांनी मेघाला समजावून सांगितले. अ‍ॅम्प क्षणभर किती जोर मारतो ते पाहू नये, न थकता सतत किती देतो ते पाहावे. वूफरला जेवढे पचते साधारण तेवढेच देणारा अ‍ॅम्प घ्यावा. फार मोठा घेतला तर वूफर फाटतो, फार लहान घेतला तर अ‍ॅम्प ओरडून ओरडून दमतो. मेघाने लगेच विचारले, म्हणजे आजी पप्पांना वाढते आणि मला वाढते तसं? सिकंदरभाई म्हणाले, बिलकुल तसंच.

त्यांनी मला फळीवरून उतरवले, धूळ झटकली आणि बॅटरीला जोडले. माझा दिवा लागला.

"आजीच्या नाकातल्या चमकीवानी दिसायलाय," मेघा म्हणाली. "पप्पा, हाच घ्या."

मी अतुलच्या खिशालाही परवडणारा होतो. अशा रीतीने, मित्रांनो, एका चमकीमुळे माझे नशीब उघडले.

सिकंदरभाईंनी मला बसवायला घेतले, तेव्हा मेघा त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडवली. विजेच्या कामात पहिला मान सावधपणाचा, असे ते म्हणाले. मग बॅटरीपासून जाड लाल तार आणली आणि बॅटरीच्या अगदी जवळ तिच्यात फ्यूज घातला, म्हणजे कुठे काही बिघडले तर बिचारा फ्यूज स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. गाण्याची तार त्यांनी गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, कारण ती विजेच्या तारेला चिकटून गेली तर गाण्यात घरघर शिरते. मला गालिच्यात गुंडाळले नाही. दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी मोकळी जागा ठेवली. मला इतके बरे वाटले की काय सांगू.

शेवटी राहिली काळी तार. तिला अर्थची तार म्हणतात. बॅटरीकडून आलेली वीज माझ्यातून काम करून पुन्हा घरी जाते, ती या तारेने. ही तार गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट लावावी लागते. सिकंदरभाईंनी सीटखालचा रंग खरवडायला काचपेपर काढला आणि अतुलने त्यांचा हात धरला.

त्याचे असे होते, की जयंतीसाठी अतुलने आणि गल्लीतल्या मंडळींनी मिळून ती जुनी पांढरी व्हॅन नुकतीच निळी रंगवली होती. बाहेरून तर रंगवलीच, पण सीट काढून खालचा पत्राही रंगवला होता. रंग वाळेपर्यंत अतुल अंगणातच झोपला होता, मांजराने पाय उमटवू नयेत म्हणून. त्या रंगावर ओरखडा? ते त्याला सोसवेना.

"कायबी करा भाई, पण रंगाला हात लावू नका," तो म्हणाला. "जयंती होऊ द्या, मग खरवडा."

"अर्थ कच्चा रहेंगा. बाद में मेरेकू मत बोलना."

अतुलने मान डोलवली, आणि काळी तार निळ्या रंगावरच बोल्टने आवळली गेली. मला तेव्हाच कळले होते. रंग लावलेला पत्रा म्हणजे आतून कडी घातलेले दार. वीज त्याच्या फटीतून थोडीथोडी जाईल, पण गर्दी झाली की अडेल. पण मला कोण विचारतो!

संध्याकाळी व्हॅन मुकुंदवाडीत घरासमोर उभी राहिली. मेघाने आबांना हाताला धरून आणले. मला काय आयकू येतंय, असे पुटपुटत ते सीटवर बसले. मेघाने गाडीतल्या टेपवर ढोलकीचे गाणे लावले.

पहिला धूम गेला. आबांचे डोळे मोठे झाले. दुसरा गेला. त्यांचा हात आपोआप मांडीवर आला आणि बोटे हलली. तिसरा धूम भारी होता, त्याला खूप बळ लागत होते. मी बळ मागवले, ते आले, पण परतीचे दार बंद. माझा दिवा लाल झाला आणि मी बंद पडलो. क्षणभराने पुन्हा सुरू झालो, तोवर ठेका पुढे निघून गेला होता. पुन्हा तसेच झाले. आणि पुन्हा.

आबांची बोटे अडखळली. थांबली. त्यांनी हात मांडीवरून उचलून खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "माझाच ठेका सुटायलाय. गेल्या साली बी असंच झालतं."

ते उतरून घरात गेले. मित्रांनो, चूक माझ्याकडची होती आणि तो भला माणूस ती स्वतःच्या अंगावर घेऊन चालला होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण माझ्याकडे होता फक्त एक दिवा. मी तो लाल केला, हिरवा केला, पुन्हा लाल केला.

मेघा रडली नाही. तिने तेच गाणे पुन्हा लावले, एक हात सीटवर ठेवला आणि डोके सीटखाली घातले. तिची वेणी माझ्या पन्हळींवर पडली. ती बघत होती. धूम, हिरवा. धूम, हिरवा. मोठा धूम, लाल. तिने गाणे मागे नेऊन पुन्हा पाहिले. मग माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "म्हणजे तू होतास व्हय!" रागाने नव्हे. हरवलेली वस्तू सापडल्यावर म्हणतात तसे.

अतुल बाहेर बोनट पुसत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पप्पा, आबा म्हणतेत त्यांचं चुकायलंय. त्यांचं नाय चुकत. आपली तार रंगावर बसलीय, तिचं चुकायलंय."

अतुलने हातातले फडके बोनटवर टाकले. तो वाकून सीटखालच्या निळ्या पत्र्याकडे पाहत राहिला आणि मग घरात निघून गेला. मला वाटले, संपले. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाना आणि काचपेपर होता. त्याने आधी बॅटरीची तार सोडवली, मग काळी तार काढली आणि स्वतःच खरवडायला लागला. निळी पूड त्याच्या नखांत बसली. खालून रुपयाएवढा लख्ख पत्रा उघडा पडला.

मेघाची आजी चंपाबाई दारातून बघत होती. "काल रंग लावला नि आज खरवडायलास? डोकं ठिकाणावर हाय का?"

"रंग परत लावता येतो, माय," अतुल म्हणाला आणि त्याने बोल्ट आवळला.

आजीला काय कळायचे ते कळले. तिने आत जाऊन आबांना उठवले. आबा नको म्हणत होते. पोरगी मघापासून सीटखाली डोकं घालून बसलीय, तुम्हाला नुसतं सीटवर बसायला काय होतंय, असे सुनावत तिने त्यांना गाडीत आणून बसवलेच.

गाणे सुरू झाले. धूम. धूम. मोठा धूम आला, मी बळ मागवले, ते आले आणि काम करून सरळ घरी गेले. माझा दिवा हिरवाच राहिला. आबांचा हात खिशातून निघाला. बोटे मांडीवर आली, अडखळली नाहीत. आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. मेघा घाबरली.

"कोण वाजवायलंय हे?" आबा म्हणाले. "लई घाई करायलंय."

आजीने पदर तोंडाला लावला. "झालं. दुसऱ्याच्या चुका दिसायला लागल्या. म्हणजे आता हे बरे झाले."

अतुल इतका हसला की त्याला गाडीला टेकावे लागले. आबांना ते ऐकू आले नाही, पण त्यांनी पाहिले, आणि तेही हसायला लागले.

त्या संध्याकाळी पुढे काय झाले ते सांगतो, पण त्याआधी या म्हाताऱ्या अ‍ॅम्पचे थोडे ऐका. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला वारा लागू द्या. त्याची बटणे शेवटपर्यंत पिळू नका, तुमच्या कानांसाठी आणि शेजारच्या बाळासाठीही. त्याचा दिवा लाल झाला तर त्याला चापट मारू नका, तो काय सांगतो आहे ते वाकून पाहा. आणि कोणी आपले माणूस "माझंच चुकतंय" म्हणून उठून गेले, तर जरा थांबा. तिथेही एकदा सीटखाली डोकावून पाहा.

तर, गाणे संपले. मेघा घरात पळाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ आजीचे ओरडणे. मेघा परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेले गाठोडे होते आणि केसांवर कपाटावरची धूळ. तिने ढोलकी आबांच्या मांडीवर ठेवली. आबांनी कड्या ओढून दोऱ्या ताणल्या, उजव्या अंगावर थाप मारली, मग डाव्या. मी पुढच्या गाण्याची वाट पाहत तयार होतो.

पण मेघाने हात लांब करून टेप बंद केला. माझा हिरवा दिवा विझला. ती आबांसमोर चटईवर बसली, आपल्या तळव्याने त्यांच्या गुडघ्यावर ठेका धरून गायला लागली.