गोजरबाईची लाथ

गोजरबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं पाठीला लाथ मारली की भरलेली उसण उतरते, ही धाड गावच्या लोकांची पक्की समजूत. गावात दुसरं पायाळू कोणी नव्हतं. त्यामुळे एरवी सुनेला चूं करू न देणारी मनकर्णाबाई दारात जमलेल्या वाकड्या पाठी पाहिल्या, की तोऱ्यात म्हणायची, "आमची सून आहे!" गोजरबाईचा घरातला मान त्या एका लाथेवर उभा होता. खरं तर लाथेआधी ती तीळतेल लावून पाठ चाचपायची, आखडलेली शीर अंगठ्यानं मोकळी करायची. निम्मं काम तिथंच व्हायचं, पण अंगठ्याचं कौतुक कुणाला?

तिसऱ्या महाराष्ट्र दिनाला गावात हुतूतूचे सामने होते. तिचा धाकटा दीर जानराव त्यात पाठीवर आपटला. चौघांनी त्याला उचलून आणलं आणि अंगणात पालथा घातला.

"वयनी, लवकर हाना एक लाथ," संघाचा म्होरक्या उकंडराव म्हणाला. "दुसरा डाव सुरू होऊन राह्यला. याच्याबिगर हारतो आपण."

गोजरबाईनं तेलाचा हात कमरेवर ठेवला. अंगठा मणक्यापाशी गेला तोच जानराव किंचाळला. तिथं सूज होती, आणि हाड नेहमीसारखं लागत नव्हतं.

"पायाले मुंग्या येऊन राह्यल्या, वयनी."

तिनं त्याच्या पायाची करंगळी जोरात चिमटली. "कोणतं बोट धरलं?"

"धरलं का?"

ही उसण नव्हती. पाय लागला, तर पोरगा जन्माचा बाजेवर पडेल.

"लाथ नाई चालत. दवाखान्यात न्या."

"काऊन?" मनकर्णाबाई खवळली. "गावाले पाय लावते अन् घरच्या पोराले नाई?" तिनं सुनेचं मनगट धरून ओढलं. उकंडरावानं जानरावचे खांदे दाबून धरले. कोणी ऐकेना. तिच्या पायाखाली आता पाठच होती.

"मी पायाळू नाई!" गोजरबाई ओरडली. "लग्न जमावं म्हून मायनं खोटं सांगितलं!"

मनकर्णाबाईनं मनगट सोडलं.

"चार वर्सं गावाले फसवलं?"

"हाव, फसवलं. आता दाराची फळी काढा, त्याले तिच्यावर निजवा. पाठ हालू देऊ नका."

लाथच उरली नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता. सरकीच्या ट्रकमधून बुलढाण्याला जाताना ती सारखी करंगळी चिमटत होती. "आता समजते?" जानराव नुसती मान हलवून नाही म्हणे. साध्या गरीब मायवर आपण खोटा डाग लावला, हेही तिला आत टोचत होतं.

मणक्याला चीर होती. धक्का बसला असता तर कमरेखालचं सगळं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे आठ दिवस कोणी तिच्याशी बोललं नाही. नवव्या दिवशी तिनं चिमटा घेतला, तर जानराव कळवळला, "वयनी, सोडा ना, दुखते!"

गोजरबाईला रडू फुटलं. मनकर्णाबाईनंही डोळ्यांना पदर लावला आणि भिंतीकडे पाहून हात जोडले.

"बरं केलं देवा, पायाळू सून देल्ली नाई. असती तं मारलीच असती लाथ."

"हाव, आत्याबाई," गोजरबाई म्हणाली आणि जानरावचे तळवे चोळू लागली.