पेल्यावरची अक्षरं

"हलू नकोस गं," स्टँडवरच्या कॅमेऱ्याला लेन्स बसवत मनासे म्हणाला.

त्याच्या बायकोने, हेप्झिबाने, चांदीचा पेला छातीसमोर धरला. पेला शुक्रवार संध्याकाळच्या शब्बाथ प्रार्थनेचा, त्यावर बारीक हिब्रू अक्षरं कोरलेली. लेन्स पारखायला त्यांच्या पनवेलच्या घरात याहून चांगलं काही नव्हतं. इस्रायलला स्थायिक झालेली लेक, लियोरा, बाबांना सत्तरीनिमित्त लेन्स देणार होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्सने एकच फोटो काढून पाठवा, असं तिने बजावलं होतं. मनासेने ओळखीच्या दुकानातून तीन लेन्स मागून आणल्या होत्या.

पहिल्या फोटोत अक्षरं पुसट आली. दुसऱ्या कंपनीचीही तीच गत. तिसरी सगळ्यांत नावाजलेली, तिच्यातही पुसटच.

"नुसती जाहिरातबाजी लेकाच्यांची," असं पुटपुटत त्याने फोटो मोठा करून पाहिला.

हेप्झिबाच्या साडीचा काठ धाग्याधाग्यानिशी दिसत होता. मागच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या. पुसट होता तो फक्त पेला आणि तो धरणारा हात.

दोष लेन्सचा नव्हता, तिचा हात कापत होता. हल्ली दर शुक्रवारी ती काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात अर्ध्यापर्यंतच ओतायची. पेला काठोकाठ भरायची त्यांच्याकडे रीत. मनुका कमी भिजल्या, असं ती म्हणायची आणि त्याला ते खरंही वाटायचं. लोकांच्या लग्नांचे फोटो काढण्यात जन्म गेला, पण घरच्या माणसाकडे नीट बघायचं राहून गेलं होतं.

"लियोराला कळलं तर ती घेऊनच जाईल आपल्याला," हेप्झिबा म्हणाली. "मला नाही हो जायचं इथून."

त्याने खिडकी सताड उघडली, हात हललेला दिसू नये इतका शटरचा वेग वाढवला आणि तिन्ही लेन्सने पुन्हा फोटो काढले. आता अक्षर न् अक्षर स्पष्ट आलं. लेकीला फसवतोय याचं त्याला फार वाईट वाटलं, तरी फोटो त्याने पाठवले.

लियोराचं उत्तर लगेच आलं. "तिन्ही छान आहेत, बाबा. मला तर काहीच फरक दिसत नाही."

"थांबला का हात?" हेप्झिबाने विचारलं.

"फोटोत थांबला."

संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावून झाल्यावर तिने सरबताचं भांडं उचललं. मनासेने तिच्या हाताखाली आपला हात धरला. पेला काठोकाठ भरला, तरी त्याने हात काढला नाही.