गौरीपुढची शॅम्पेन

आमचे मामंजी हरिभाऊ वकील यांना सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना माझ्या हातचं सरबत हवं होतं. साधं नव्हे, दारूचं.

एकतीस सालचा चैत्र होता. बेळगावात घरोघरी चैत्रगौर माहेरपणाला येऊन बसली होती. लष्करी कॅम्पातले एक बडे इंग्रज साहेब आणि त्यांची मडम आमच्याकडे यायचे ठरले. मडमेला आमचा सण बघायचा होता, म्हणून मामंजींनी नेमका आमच्या हळदीकुंकवाचाच दिवस धरला. दिवाणखान्यात एका अंगाला गौरीची आरास आणि दुसऱ्या अंगाला साहेबांचं टेबल! कोर्टात समोरच्या वकिलाला बोलू न देणारा हा माणूस. पण गौर आणि साहेब या दोन पाहुण्यांना एका खोलीत बसवलं तर काय होईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्यांनी इंग्रजी मासिकातला एक कागद माझ्यापुढं टाकला. "वसुधा, तू मॅट्रिक झालेली. वाच आणि कर. विलायतेत वसंतात हेच पितात."

मी वाचलं. फळं चिरून साखरेत मुरवायची, पुदिना हातानं चुरडून घालायचा, भांडं बर्फावर ठेवायचं आणि पाहुणे समोर बसले की वरून गार शॅम्पेन ओतायची, म्हणजे फेस मोडत नाही. खोटं कशाला सांगू, वाचताना माझे हात शिवशिवले. कागदावरची विलायती फळं इथं मिळणार नव्हती. पण तुती होती, डाळिंब होतं, खानापूरकडची करवंदं आली होती. करवंदाचा आंबटपणा आणि डाळिंबाचा रंग, वर फसफसणारा फेस... मनातल्या मनात मी पेला भरूनही टाकला.

मग मला भावकू आठवला आणि पेला मनातच सांडला.

भावकू म्हणजे आमच्याकडं भाजी घालणाऱ्या उचगावच्या राजाबाईचा नवरा. गेल्या वर्षी चळवळीत गिऱ्हाइकांना अडवायला दारूच्या दुकानापुढं बायका उभ्या राहात, त्यांत राजाबाईबरोबर मीही होते. भावकू आत शिरायला लागला तेव्हा मी त्याला हात जोडले. तो माझ्यावरच उखडला. "आमालाच का अडवतासा? तुमच्या वकिलाच्या घरात विलायती चालतीया, ती कुनी अडवायची?"

सगळ्यांदेखत मी म्हणाले, "आमच्या घरात बाटली उघडली, तर त्या दिवशी मी घर सोडीन."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि माघारी गेला. त्यानंतर तो प्यायला नाही. राजाबाई दर आठवड्याला भाजी घालायला आली की मला तेवढंच सांगायची, "अजून न्हाय हं, ताईसाब."

मी मामंजींना सगळं सांगून टाकलं. "फळं चिरते, मुरवते. त्यात सोडा घालून बायकांना देते, साहेबांनाही देते. पण बाटली या घरात उघडू नका. उघडलीत तर मी निपाणीला, माहेरी जाईन."

"जा की!" ते म्हणाले. "एका दारुड्याला शब्द दिलास म्हणून मी साहेबांपुढं गोळीचा सोडा ठेवू? ट्रंक मीच बांधून देतो. आणि परत यायचं नाही, सांगून ठेवतो."

माझे यजमान केशवराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते आणखी जवळ धरलं. सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आक्का, हरभरे निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मला फार एकटं वाटलं. नवऱ्याचा तर असा राग आला की बोलायची सोय नाही.

हळदीकुंकवाची आमंत्रणं करायचं काम सुनेचं. मी ते मन लावून केलं. वकिलिणींना बोलावलं, मास्तरणींना बोलावलं, आणि उचगावात राजाबाईला निरोप धाडला, की येताना दुकानापुढं उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांना घेऊन ये.

त्या आल्या. सतरंजीवर जागा पुरेना. मामंजी मला दाराआड गाठून म्हणाले, "भाजीवाल्या बायका आजच कशाला?"

"गौरीच्या दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवायचं असेल तर तुम्ही पाठवा," मी म्हणाले. ते दात खात टेबलाकडं गेले.

कॅम्पातून भुशात घालून बर्फाची लादी आली होती. तिच्यावर माझी फळं लालभडक मुरली होती. साहेबांच्या मेसमधला बटलर मष्णू त्या दिवसापुरता मामंजींनी आणला होता. साहेब आणि मडम खुर्चीवर बसले, तशी मष्णूनं अर्धी फळं काचेच्या मोठ्या भांड्यात काढून घेतली आणि बाटलीचं बूच सोडलं. बार उडाल्यासारखा आवाज झाला. बूच थेट गौरीपुढच्या भिजवलेल्या हरभऱ्यांत जाऊन पडलं. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. फळांवर शॅम्पेन पडली आणि गुलाबी फेस काठापर्यंत चढला. रंग मी ठरवला होता तस्साच आला होता.

राजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मला रागापेक्षा लाजच जास्त वाटली. आता उठायचं, चार शब्द बोलायचे आणि निघायचं, असं ठरवून मी पदर खोचला.

"थांबा," आक्का म्हणाल्या.

मष्णूच्या हातातली पळी थांबली. आक्का गौरीजवळच बसून होत्या. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती.

"गौर बसल्यावर या घरात जे होईल ते आधी तिच्यापुढं ठेवायचं, मग माणसांनी तोंडात घालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे कुणी मोडलेलं नाही. एक पेला इकडं आणा."

मामंजी हसल्यासारखं करत म्हणाले, "अगं, हे साहेबांसाठी केलंय."

"साहेब पाहुणे, तशी गौरही पाहुणी. माहेरपणाला आलेली लेक आहे ती. तिला नको आणि परक्याला आधी? तुम्ही घरचे कर्ते. तुमच्याच हातानं ठेवा."

मष्णूनं पेला भरून मामंजींच्या हातात दिला. सतरंजीवरची एकूणएक बाई त्यांच्याकडं बघत होती. ते दोन पावलं गौरीकडं गेले. समईच्या उजेडात देवीचा मुखवटा, हळदकुंकू, कैरीची डाळ. ते तिथंच थबकले. ते काही नास्तिक नव्हते. सकाळी सोवळं नेसून तासभर पूजा करणारा माणूस तो. पेला ठेवता येईना आणि परत नेता येईना.

"काय झालं?" मडमेनं मला इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडं देवीनं घेतल्याशिवाय कुणी घेत नाही," मीही इंग्रजीतच सांगितलं. "आणि ही दारू देवीला देण्याजोगी नाही, हे आमच्या मामंजींना आत्ता कळलंय."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घड्याळ बघितलं, टोपी उचलली आणि दोघंही निघून गेले. त्यांच्या मागोमाग मष्णूही गेला.

मामंजींनी पेला टेबलावर आपटला. "ट्रंक भर! आत्ताच्या आत्ता!"

"भरलेली आहे," मी म्हणाले आणि ओसरीवर आणून ठेवली.

राजाबाई उठून माझ्याजवळ आली. "ताईसाब, निपानी लांब हाय. माझ्या घरला चला. भावकूला मी सांगतो, तुमी शबुद पाळलासा म्हनून."

"चल," आक्का म्हणाल्या. त्यांच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून मामंजींपुढं ठेवल्या. "गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे. रोजची पूजा, नैवेद्य तुम्ही बघा. मी सुनेबरोबर जाते."

केशवराव आतून आले. त्यांनी ट्रंक उचलली आणि पायरी उतरायला लागले. मला वाटलं होतं, आतही ते वर्तमानपत्रच धरून बसले असतील.

मामंजी किल्ल्यांकडं बघत राहिले. मग खोल आवाजात म्हणाले, "केशव, ट्रंक आत ने."

"नाही," मी म्हणाले. "आधी बाटल्या बाहेर जाऊ देत."

त्यांनी मष्णूला हाक मारली. तो केव्हाच गेला होता. त्यांनी केशवरावांकडं पाहिलं, आक्कांकडं पाहिलं. कुणी हललं नाही. शेवटी ते आत गेले आणि दोन्ही बगलांत दोन बंद बाटल्या आणि हातात ते फेसाचं भांडं घेऊन सगळ्या बायकांच्या मधून बाहेर आले.

"कुठं ठेवू?" त्यांनी मला विचारलं.

"ठेवू नका. ओता."

बुचं त्यांना उघडता येईनात, म्हणून बाटल्या त्यांनी गटाराच्या दगडावर फोडल्या. भांडंही रिकामं केलं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते आणि मामंजी खाली मान घालून उभे होते. मला त्यांची दया आली नाही.

मी केशवरावांच्या हातातून ट्रंक घेतली आणि माझी मीच आत नेली.