मिस्त्रींचा एकच शब्द

मित्रांनो, मी एक जुनी हातांची लाकडी खुर्ची आहे. हातांची म्हणते खरी, पण माझा एकच हात धड आहे; डावा लोखंडी पट्टीने जोडलेला आहे. मी करकरते, पण कुणाला पाडत नाही. आम्हा खुर्च्यांना चार पाय असून कुठे जाता येत नाही, त्यामुळे बघत आणि ऐकत राहण्याची फार सवय असते. मी जे पाहिले आणि ऐकले, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे नाटकांचे सेट बांधले जात. बांधणारे एकच होते आणि त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी एका मोडीत काढलेल्या दाराच्या चौकटीतून माझे पाय काढले आणि एका बाकाच्या फळीतून माझी पाठ. सांध्यांना सरस लावून त्यांनी मला दोरीने करकचून बांधले आणि सगळ्यांना बजावले, की सेट होईपर्यंत हिच्यावर कुणी बसायचे नाही.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हते, पण सेट हा एक इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात पानासारखा घोळत असे. नाटकाचा देखावा म्हणजे सेट. सरस वाळला की सेट. गजर लावायचा तोही सेट, आणि नटाचा टोप नीट बसला तरी सेट. पडदा वर जाण्याआधी ते विंगेतून फक्त मान हलवून विचारत, "सेट?" आणि पलीकडून तसेच उत्तर येई. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या हसत हसत सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा तासभर गप्प बसले होते. निघताना दारात वळून म्हणाले, 'सेट?' मला वाटलं, कपबशांचा सेट आवडला असेल. म्हटलं, हो, छान आहे. झालं लग्न."

त्या काळात मी खूप कामे केली. मखमल घातली की मी सिंहासन होई. मखमल काढली की न्यायाधीशाची खुर्ची. एका विनोदी नाटकात मी दातांच्या डॉक्टरची खुर्ची होते आणि माझ्यावर बसून एक जाडजूड नट रोज असा ओरडे, की पहिल्या रांगेतले लोक पोट धरून हसत. टाळ्या अर्थातच त्याला पडत. पण कधी कधी पडदा वर जाताच, कुणी काही बोलण्याआधीच, टाळी पडे. ती टाळी सेटला असे. मिस्त्री तेव्हा अंधारात उभे राहून हाताची धूळ उगीचच पुसत राहत.

पुढे नाट्यगृहात रंगमंचाच्या मागच्या बाजूला चित्रे दाखवणारा मोठा पडदा आला. बटण दाबले की त्यावर राजवाडा दिसे आणि पुन्हा दाबले की जंगल. मग सुतार कशाला हवा? मागच्या खोलीतले सामान भंगारात गेले. मिस्त्रींनी मला तेवढे डोक्यावर घेतले आणि घरी आणले.

घर दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत मी, समोरच्या भिंतीला टीव्ही, आणि टीव्हीच्या बाजूलाच स्वयंपाकघराचे दार. काकू कपडे दुरुस्त करून देत. त्यांची एकुलती एक लेक आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून काम करी; दूरदूरच्या लोकांच्या तक्रारी ऐकून घेणे ही तिची नोकरी होती. मिस्त्री तिला ठकी म्हणत. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. सुताराच्या घरात दुसरे काय नाव असणार?

एके दिवशी मिस्त्री खिडकीची कडी बसवत असताना त्यांच्या हातून पेचकस पडला. तो उचलायला ते वाकले ते सरळ झालेच नाहीत. त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. इस्पितळातून परतले तेव्हा पाय ओढत का होईना चालता येत होते, पण बोलणे गेले होते. सगळे शब्द गेले. बायकोचे नाव गेले, ठकी हे नावही गेले. राहिला फक्त सेट.

बोलणे शिकवणाऱ्या एक बाई घरी येत. त्यांनी समजावून सांगितले, की असे होते. माणसाला आतून सगळे कळत असते, सगळे सांगायचेही असते, पण तोंड उघडले की तोच एक शब्द बाहेर येतो. जाता जाता त्या म्हणाल्या, "एका परीने नशीब म्हणा. या शब्दाचे अर्थ इंग्रजी शब्दकोशात पानंच्या पानं भरून आहेत. त्यांच्याकडे निदान मोठा शब्द उरलाय."

काकूंना शब्दकोश लागला नाही. ओढून म्हटलेला सेट म्हणजे पाणी. नाकातून आला की पाठ खाजवा. लागोपाठ दोनदा, चढत्या आवाजात, म्हणजे टीव्ही लावा, मॅच सुरू झाली असेल. शेजारचे एक गृहस्थ रोज येऊन बसत आणि तब्येत कशी आहे विचारत. मिस्त्री म्हणत, "सेट." गृहस्थ खूश होऊन आणखी तासभर बसत. ते गेले की काकू म्हणायच्या, "अहो, तुम्ही त्यांना निघा म्हणत होता, ते त्यांना कळतच नाही." मग दोघे इतके हसत, की मीही करकरत असे.

ठकीला हे भाषांतर जमत नव्हते. तिने शिकण्याचा फारसा प्रयत्नही केला नाही. आई होती ना घरात. तिची चूक म्हणू नका, मित्रांनो. घरात दिवा असला की काडेपेटी कुठे आहे हे कोण बघून ठेवते?

त्या दुपारी काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. माझ्यावर बसलेल्या मिस्त्रींना त्या दारातून दिसत होत्या. काकूंनी छातीवर हात ठेवला, ओटा धरला आणि त्या हळूहळू खाली बसल्या. मग आडव्या झाल्या.

"सेट! सेट!" मिस्त्री ओरडले.

ठकी आतून आली. एक हेडफोन कानावर, एक मानेवर. मिस्त्री डाव्या हाताने दाखवत होते. त्या हाताच्या दिशेला दारही होते आणि टीव्हीही. वेळ मॅचचीच होती. तिने टीव्ही लावला.

मिस्त्री आणखी जोरात ओरडले. तिने आवाज वाढवला, त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि ती पुन्हा आत गेली. तिकडे कुणीतरी तक्रार सांगता सांगता थांबला होता.

टीव्हीच्या गलक्यात तो शब्द कितीदा उमटला ते मला ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाला नाही. मिस्त्रींनी उठायचा प्रयत्न केला. माझ्या हातावर सगळा भार टाकून ते अर्धे उभे राहिले. माझा डावा हात मोडला आणि आम्ही दोघेही जमिनीवर आलो. त्या आवाजाने ठकी धावत आली. तेव्हा कुठे तिला आईचे पाय दिसले.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं..." काकू घरी परत आल्या नाहीत.

त्यानंतर घर मुके झाले. मिस्त्रींनी तोंड उघडले, की ठकीचा चेहरा पांढरा पडे. ती पाणी आणून ठेवी, जेवण आणून ठेवी, पण तो शब्द कानांवर पडायच्या आत दार लावून घेई. हे मिस्त्रींना कळले असावे. ते बोलेनासे झाले. मला मोडक्या हातासकट गॅलरीत टाकून दिले. पावसाने माझे पॉलिश उडाले, माझ्यावर वाळत घातलेल्या फडक्यांचे पाणी माझ्या सांध्यांत उतरले. भंगारवाला एकदा बघून गेला आणि नको म्हणाला.

मग एक दिवस ठकी गॅलरीत आली, माझ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. भिंतीला धरून, पाय ओढत मिस्त्री आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं सांगत होता आणि मी टीव्ही लावला."

कितीतरी दिवसांनी मिस्त्रींनी पहिल्यांदा तोंड उघडले, "सेट."

"मला नाही कळत, बाबा. आईला कळायचं. रागावलात ना माझ्यावर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

तिने विचारले, माफ केलेत म्हणताय का? नाही. आईची आठवण येते? तीही नाही, निदान आत्ता ते हे सांगत नव्हते. पाणी हवे, पाठ दुखते, आत जायचे? तिने एकेक अर्थ पुढे करायचा आणि त्यांनी मान हलवायची. पण या वेळी ती उठून गेली नाही. मिस्त्रींनी डावा हात वर आणला, पाच बोटे जुळवली आणि ती तिच्या ओठांपाशी नेली.

ठकी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी जेवले का, विचारताय?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

ती सकाळपासून जेवली नव्हती. पोरीने त्यांच्या पोटाशी डोके टेकवले. दोघे किती वेळ तसेच होते, मी मोजले नाही.

दुसऱ्या दिवशी मला आत घेतले गेले. ठकीने पट्टी आणि स्क्रू आणून माझा हात जोडला. मिस्त्री शेजारी बसून डाव्या हाताने दाखवत होते, तरी तो थोडा तिरका बसलाच. पुढची काही वर्षे ठकी अर्थ शिकत राहिली. पुष्कळ शिकली. सगळे नाही. काही अर्थ काकू बरोबर घेऊन गेल्या होत्या.

शेवटच्या आजारात मिस्त्री माझ्यावरच टेकून बसत. आडवे झाले की त्यांना धाप लागे. एका सकाळी त्यांनी ठकीचा हात धरला आणि तिच्याकडे बघत तो शब्द म्हटला. असा त्यांनी पूर्वी कधीच म्हटला नव्हता. ती विचारत राहिली. हे का, बाबा? ते का? त्यांची मान हलली नाही, ना होकाराला ना नकाराला. थोड्या वेळाने हातही सैल पडला.

ठकी आजही संध्याकाळी काम संपले की माझ्यावर येऊन बसते. कधी कधी तो शब्द त्यांच्यासारखाच म्हणून बघते. मला तिला काही सांगता येत नाही. त्या शेवटच्या सेटचा अर्थ मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, आम्हा लाकडाच्या वस्तूंचे काय, मोडलो तर पट्टी मारता येते. पण तुमच्या घरात कुणी अडखळत बोलत असेल, तेच तेच बोलत असेल, तर लगेच काहीतरी हातात देऊन निघून जाऊ नका. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, म्हणजे काय? तुमचा अंदाज चुकेल. मग पुन्हा विचारा.