वीस किलो, जमिनीपासून कमरेपर्यंत

रकाना १. उमेदवार

वॉर्ड नंबर तीनची मावशी. तीन महिन्यांपूर्वी एका आजोबांना बाथरूममधून एकटीनं उचललं आणि कंबर धरली. तेव्हापासून औषधांच्या खिडकीवर बसून काम. आज वीस किलो उचलले तर पुन्हा वॉर्डात. नाही तर उद्यापासून घरी. घर म्हणजे ती आणि सासूबाई. दोघींची चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटते.

रकाना २. सरावासाठी कर्मचारी व्यायामशाळा वापरली का? हो / नाही

रुग्णालयाच्या तळघरात व्यायामशाळा आहे, म्हणून हो. मागे कुणाच्या तरी पायावर लोखंडी चकती पडली, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांनी सगळ्या चकत्या कपाटात बंद केल्या. मग नुसता दांडा कुणाच्या तरी कपाळाला लागला. दांडाही आत गेला. बाकावरून कुणी पडू नये म्हणून बाक गेला. दोन वर्षांत एकही अपघात नाही म्हणून साहेबांना ढाल मिळाली. ढाल जड निघाली. तीही कपाटात.

म्हणून नाही.

किल्ल्यांचा जुडगा साहेबांच्या कमरेला असतो. लोक त्यांना कुलूपसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. खोलीत आता फक्त एक वजनकाटा उरलाय. साहेब रोज सकाळी बूट काढून, जुडगा खुर्चीवर ठेवून त्यावर उभे राहतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. आजचा आकडा: ७९.

रकाना ३. मग सराव कुठे केला?

स्वयंपाकघरात. सासूबाईंनी तीस वर्षं लॉन्ड्रीत चादरींची गाठोडी वाहिलीत, आणि कंबर अजून ताठ आहे.

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बाटल्या भर, पिशवीत घाल. आज पाचच."

"पाच? पाच तर मी एका हातानं—"

"त्या आजोबांना उचलतानाही हेच म्हणाली असशील."

मावशीनं पाचच भरल्या.

"मधे जुने टॉवेल कोंब. हलतं ओझं आणि बोलका पाहुणा, आधी नीट बसवावा. हां. आता पाय फाकव. गुडघ्यात वाक. पिशवी पोटाशी धर. श्वास कशाला कोंडतेस? तोंड बघ कसं झालंय!"

"आई, तुम्ही शिकवताय की भांडताय?"

"दोन्ही. वळायचं तर पावलं टाकून वळ. कंबर काय दाराची बिजागरी आहे?"

"आणि दुखलं तर?"

"तर खाली ठेव. खाली ठेवायला काय कुणाची परवानगी लागते?"

दर आठवड्याला तीन बाटल्या वाढल्या. कंबर कुरकुरली त्या आठवड्यात एकही नाही. परवा वीस झाल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता त्यातलं पाणी झाडांना घाल. वाया नको."

रकाना ४. चाचणीचं वजन

रिकामा. चाचणी त्याच व्यायामशाळेत, पण वजनं कपाटात. कपाट उघडायला सुरक्षा समितीची परवानगी हवी, आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात. समितीचे अध्यक्ष कुलूपसाहेब तिथंच उभे होते, पण ते अध्यक्ष म्हणून आले नव्हते.

शेवटी कारकुनानं कागदांचा एक गठ्ठा ओढत आणला. व्यायामशाळेत साहित्य नसल्याच्या तक्रारी. काट्यावर ठेवला: बरोबर वीस.

मावशीनं गठ्ठा आधी जागेवरच हलवून पाहिला. एकाच नाडीनं बांधलेला. आतले कागद सरकत होते.

"हा नीट बांधा. दोन ठिकाणी."

"अहो मावशी, कागद आहेत, म्हैस नाही," साहेब म्हणाले.

"म्हैस निदान नाडीतून सुटून पायावर पडत नाही."

चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "दोरी मिळेल का?"

"दोरी कपाटात आहे," कारकून म्हणाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लिहा हो. उमेदवाराचा उचलण्यास नकार."

कारकुनानं पेनाचं टोपण काढलं. मावशी गुडघ्यात वाकली, दोन्ही हात गठ्ठ्याला लावले. उचलला असता. पण आत काहीतरी घसरलं, तिच्या बोटांना कळलं. तिनं हात काढून घेतले.

"बांधल्याशिवाय नाही. लिहा काय लिहायचं ते."

"एवढ्याशा गोष्टीचा बाऊ!" साहेब पुढे आले. "हे बघा, असं उचलायचं असतं."

आणि ते कमरेत वाकले.

रकाना ५. चाचणीदरम्यान अपघात: निरंक (हे छापीलच आहे)

नाडी तुटली. दोन वर्षांच्या तक्रारी खोलीभर पसरल्या आणि त्यांच्यावर साहेब, आडवे. "आई गं" याखेरीज त्यांना काही सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी पाय हलवून पाहिले, पाठ चाचपली. "स्नायू धरलाय. उभं करू नका, ट्रॉलीवर घेऊ." वॉर्डबॉय ट्रॉली आणि चादर घेऊन आला. साहेबांना अलगद कुशीवर करून चादर खाली सरकवली. चार कोपरे, चार माणसं: डॉक्टरीणबाई, वॉर्डबॉय, कारकून, मावशी.

"मावशी, तुम्ही मोजा."

"सगळे गुडघ्यात वाका. कारकूनभाऊ, कमरेत नाही! आत्ताच बघितलंत ना? चादर पोटाशी. साहेब, तुम्ही मदत करू नका, नुसते पडून राहा."

"तेच… करतोय…"

"एक, दोन, तीन!"

जमिनीपासून कमरेपर्यंत. ट्रॉलीवर.

रकाना ६. उचललेलं वजन

"लिहा, पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कारकुनानं फळ्याकडे पाहिलं. "एकोणऐंशी भागिले चार. पावणेवीस." पेन थांबलं. "पाव किलो कमी पडतंय, मॅडम. मी तरी काय करू, फॉर्म काही माझ्या घरचा नाही."

ट्रॉलीवर काहीतरी किणकिणत होतं.

"साहेब काट्यावर बूट काढून चढतात ना?" मावशीनं विचारलं.

"हो. रोज."

"आणि जुडगा?"

"खुर्चीवर ठेव…" कारकून थांबला.

साहेबांच्या पायात बूट होते. कमरेचा जुडगा प्रत्येक कण्हण्याबरोबर वाजत होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही उतरवून काट्यावर ठेवलं. दोन किलो, शंभर ग्रॅम. कारकुनानं पुन्हा भागाकार केला, पुन्हा एकदा तपासला, आणि लिहिलं: वीस किलोंहून किंचित जास्त. पास.

मावशीनं काट्यावरचा जुडगा उचलला. गुडघ्यात वाकून.

"दोरी," तिनं विचारलं, "कुठल्या कपाटात म्हणालात?"